पगाराच्या पट्टीने मोजलेली गुणवत्ता

‘तिकडे गुणवत्तेची कदर आहे.’ मराठी मध्यमवर्गात हे वाक्य इतकं मुरलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. पूर्वी ते अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला चिकटलेलं असायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला आणि वाक्याने पत्ता बदलला. आता ते ब्रिटनच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाबद्दल, दुबईच्या गोल्डन व्हिसाबद्दल आणि अलीकडे तैवानच्या गोल्ड कार्डाबद्दल ऐकू येतं. त्याला एक नवी गोडीही आली आहे. म्हणे आता नोकरीसुद्धा बदलायला नको. कंपनी पुण्याची किंवा कॅलिफोर्नियाची, लॅपटॉप तोच, सकाळची मीटिंग तीच, फक्त राहायचं तैपेईत. तिथलं सरकार तुम्हाला निवासाचा परवाना देतं तो तुमच्या अंगच्या गुणांमुळे. आणि मग ओघाने पुढचं वाक्य येतंच: आपल्याकडे गुणवत्तेला विचारतो कोण?

या व्हिसांवर माझा आक्षेप नाही, ते घेऊन जाणाऱ्यांवर तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो या युक्तिवादावर. तो आधी चुकीचा आहे, मग अप्रामाणिक आहे, आणि जाणाऱ्या माणसाला तर तो थेट गोत्यात आणतो.

तैवानचंच उदाहरण घेऊ, कारण त्या देशाने आपल्या अटी सगळ्यांत मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत. गोल्ड कार्ड फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झालं. काम करण्याचा खुला परवाना, निवासी व्हिसा, रहिवासी ओळखपत्र आणि देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा, या चार गोष्टी एका कार्डात. मुदत एक ते तीन वर्षं. आधी नोकरी मिळवायची अट नाही, मालकाने हमी द्यायची गरज नाही. दूर बसून काम करणाऱ्यांना हे कार्ड आवडतं ते याच कारणासाठी. विज्ञान-तंत्रज्ञान, अर्थव्यवहार, शिक्षण, कला-संस्कृती, क्रीडा, वित्त, कायदा, वास्तुरचना अशी क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकाच्या कसोट्या वेगळ्या. आजवर दिलेल्या कार्डांचा आकडा दहा हजारांच्या पुढे गेलाय, आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा अर्थव्यवहार या एका क्षेत्राचा आहे.

त्या क्षेत्रातली सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी कोणती? महिना १,६०,००० तैवानी डॉलर पगार. रुपयांत चार लाखांच्या वर, वर्षाला साधारण पन्नास लाख. नोकरी कुठल्या देशात केली याला महत्त्व नाही. तुम्ही काय बांधलं, काय शोधलं, कुणाचा प्रश्न सोडवला, हेही कुणी विचारत नाही. पे-स्लिप, कराची कागदपत्रं आणि कंपनीचं पत्र जोडायचं. (आपल्याकडच्या ‘सीटीसी’च्या कागदाचा इथे उपयोग होत नाही. ग्रॅच्युइटी, कंपनीचा पीएफचा वाटा आणि मिळेल-न-मिळेल असा व्हेरिएबल पे धरून फुगवलेले पन्नास लाख प्रत्यक्ष स्लिपवर पन्नास नसतात, हे अनेकांना अर्ज भरताना पहिल्यांदा उमगतं.)

आता ही पट्टी आपल्या ओळखीच्या माणसांना लावून बघा. सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठात नव्याने प्राध्यापक झालेल्या माणसाचं मूळ वेतन १,४४,२०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता धरूनही तो चार लाखांच्या खूप खाली राहतो. इस्रोत रुजू होणाऱ्या शास्त्रज्ञ-अभियंत्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. यांच्यासाठी विज्ञानाची, शिक्षणाची वेगळी दारं आहेत, हे कबूल. पण ज्या दारातून सर्वाधिक माणसं आत जातात त्या दारात हे दोघेही ‘टॅलेंट’ नाहीत.

यावर हजरजबाबी उत्तर तयार असतं. पगार म्हणजेच तर गुणवत्तेचं बाजाराने केलेलं मोजमाप! हिंजवडीत काम केलेल्या कुणालाही या उत्तरावर हसू येईल. सर्व्हिस कंपनीत अठरा लाखांवर असलेला अभियंता नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड काढून शेजारच्याच इमारतीतल्या एखाद्या अमेरिकी बँकेच्या जीसीसीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या भारतातल्या केंद्रात, ‘स्विच’ करतो आणि त्याचा पगार दुप्पट होतो. त्या नव्वद दिवसांत त्याच्या डोक्यात काय वाढलं? तो जावा तेव्हाही लिहीत होता, आताही लिहितो. पगार ठरतो तो कंपनी कुठल्या चलनात कमावते, मधे किती दलाल आहेत, तुम्ही कुठल्या शहरात आहात आणि आधीच्या कंपनीत किती घेत होतात यावर. तोच माणूस सिंगापूरला गेला तर पट्टी सहज ओलांडेल, नाशिकला राहिला तर बहुधा कधीच नाही. म्हणजे ज्यांना जगाने आधीच वर उचललंय त्यांनाच ही कसोटी वर उचलते. तैवानने तसं करण्यात गैर काही नाही. जास्त पगाराचा माणूस जास्त कर देतो, जास्त खर्च करतो, सरकारी मदतीवर पडत नाही. हा त्यांचा हिशोब आहे आणि तो त्यांनी चोख केलाय.

बाकीच्या देशांकडे नजर टाकली तर हाच हिशोब आणखी उघडा दिसतो. दुबई दूरस्थ काम करणाऱ्याकडे महिना ३,५०० डॉलर उत्पन्न मागते. पोर्तुगाल स्वतःच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो. थायलंडने २०२४ मध्ये आणलेल्या व्हिसासाठी खात्यात पाच लाख बाट असल्याचं दाखवावं लागतं. यात गुणवत्ता कुठे शोधायची ती शोधा.

ब्रिटनचं प्रकरण वेगळं आहे आणि विरोधकांचा सगळ्यांत मजबूत मुद्दा तोच आहे, म्हणून तो टाळत नाही. ग्लोबल टॅलेंट व्हिसा फेब्रुवारी २०२० पासून आहे. तिथे पगाराची पट्टी नाही. रॉयल सोसायटी, ब्रिटिश अकॅडमी, आर्ट्स कौन्सिल इंग्लंड, तंत्रज्ञानासाठी टेक नेशन अशा संस्था अर्जदाराचं काम तपासतात आणि पसंतीची मोहोर देतात. मग मिळालेल्या व्हिसावर कुणाचीही नोकरी करा, स्वतःचा धंदा करा. हे खरोखरच गुणवत्तेच्या तपासणीच्या जवळ जाणारं आहे. पण तंत्रज्ञानाच्या अर्जात मागतात काय ते पाहा. क्षेत्रातल्या मान्यवरांची तीन शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त दहा पुरावे: परिषदांतली भाषणं, ओपन सोर्समधलं योगदान, प्रसिद्धी, स्वतःच्या उत्पादनावरची छाप. आता पुण्यातल्या एखाद्या बाईंनी पंधरा वर्षं एका युरोपीय विमा कंपनीची सगळी दावे-प्रणाली सांभाळली आहे असं धरा. काम अव्वल. पण ते क्लायंटच्या गोपनीयतेच्या कराराखाली पुरलेलं. कोड दाखवता येत नाही, क्लायंटचं नाव घेता येत नाही, परिषदेला पाठवायची वेळ आली की कंपनी सेल्सच्या माणसाला पाठवते. भारताच्या आयटी सेवाउद्योगात असं काम करणारी माणसं लाखांनी आहेत. त्यांची गुणवत्ता या अर्जाच्या दहा पुराव्यांत बसत नाही, कारण तो उद्योगच नाव पुसून काम करण्यावर उभा आहे. उलट ज्याला बोलता येतं, मिरवता येतं, ज्याच्या ओळखी आहेत, त्याची फाइल जाड होते. शिफारसपत्राचा मसुदा अर्जदाराने लिहायचा आणि साहेबांची सही घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत इथेही चालते, आणि असे मसुदे लिहून देणारे सल्लागार त्याचे पैसे घेतात. सरकारी खर्च वेगळाच: २०२५ मध्ये अर्जाचे ७६६ पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर नुसता अधिभार सहा लाख रुपयांच्या आसपास जातो, आणि तो आगाऊ भरावा लागतो. गुणवंत पण कफल्लक, असा उमेदवार इथे दारातच अडतो.

आता या युक्तिवादाच्या पोटातल्या गोष्टीकडे वळतो. ‘तिकडे गुणवत्तेची कदर’ म्हणताना रोख तैवानकडे किंवा लंडनकडे नसतोच. तो इथल्या आरक्षणाकडे असतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षं गुण कमी पडलेल्या मुलांच्या जागा वडिलांनी देणग्या भरून मिळवल्या. त्यांतले पुष्कळजण पुढे चांगले अभियंते झाले, परदेशी गेले, सुखी आहेत. छानच झालं. पण त्याच घरांतून गुणवत्तेचं कीर्तन ऐकू येतं तेव्हा १९८३ ची आठवण करून द्यावी लागते. इंग्रजी शाळा, क्लास, महानगरातलं घर, पहिल्या नोकरीसाठी काकांचा फोन या पायऱ्यांवरून चढत गेलेला पगार शेवटी तैपेईच्या अर्जात ‘टॅलेंट’ म्हणून नोंदवला जातो. तिथल्या अधिकाऱ्याला पायऱ्या दिसत नाहीत, फक्त आकडा दिसतो. आपल्याला मात्र पायऱ्या दिसत होत्या.

आणि तैवान गुणवत्तेची कदर करतं म्हणजे माणसाची कदर करतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच बेटावरच्या दुसऱ्या रांगेकडे बघावं. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपाइन्स आणि थायलंडमधून आलेले सात लाखांहून अधिक कामगार तिथल्या कारखान्यांत, बोटींवर आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी काम करतात. ते एका मालकाला बांधलेले असतात, दलालांचे पैसे फेडत असतात. त्यांच्यासाठी एकूण वास्तव्याची मर्यादा बारा वर्षं ठेवली गेली, घरी राहून काळजी घेणाऱ्यांसाठी चौदा. कौशल्य वाढवलेल्यांना पुढे थांबू देणारी योजना २०२२ मध्ये आली. घरातल्या काळजीवाहक बाईला तर तिथल्या मूळ कामगार कायद्याचं संरक्षणही नाही. गोल्ड कार्डवाला मात्र तीन वर्षं राहिला की कायमच्या निवासाचा अर्ज करू शकतो. रात्री तीन वेळा उठून परक्या म्हाताऱ्याची कूस बदलणं हे कौशल्य नाही, आणि स्प्रिंट रिव्ह्यू घेणं हे आहे, असं ज्या व्यवस्थेत ठरतं तिला मी गुणवत्तेची व्यवस्था म्हणणार नाही.

या दुसऱ्या रांगेत आता आपणही येणार आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवान यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एक लाख भारतीय येणार अशी बातमी पसरली तेव्हा तिथल्या सोशल मीडियावर भारतीयांविषयी जे लिहिलं गेलं ते गुणवत्तेच्या कदरीचं नव्हतं. पुढे २०२४ मध्ये तिथल्या तेव्हाच्या कामगारमंत्री शू मिंग-चुन यांनी ईशान्य भारतातल्या लोकांना आधी घेऊ, कारण त्यांचा वर्ण आणि खाणंपिणं आमच्याशी जुळतं, अशा आशयाचं विधान केलं. टीका झाली, माफी मागितली गेली. तैवानी समाज वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो आपल्यासारखाच आहे. त्या देशाचा जननदर दर बाईमागे एकाच्याही खाली गेलाय, २०२० पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत, कारखान्यांना आणि म्हाताऱ्यांना माणसं हवी आहेत. गरज आहे म्हणून दोन दारं उघडली, एक रुंद आणि एक अरुंद. कोण कुठल्या दारातून जाणार हे पैशाने ठरलं.

‘कदर’ या भ्रमाचा सगळ्यांत मोठा तोटा जाणाऱ्याला होतो, म्हणून आता थोडं व्यवहाराचं. सत्कार झाल्याच्या भावनेत माणूस करार वाचत नाही. दूर बसून काम करणाऱ्यांत एक समज पसरलाय: पगार भारतातून येतो, भारतातच टीडीएस कापला जातो, मग तैवानचा काय संबंध? संबंध पूर्ण आहे. तैवानमध्ये बसून केलेल्या कामाचा मोबदला हे तैवानमधलं उत्पन्न, मग पैसे कुठूनही येवोत. वर्षात नव्वद दिवसांपर्यंत राहिलात आणि मालक बाहेरचा असेल तर सूट आहे. त्यापुढे नाही. कॅलेंडर वर्षात १८३ दिवस झाले की तुम्ही तिथले कर-रहिवासी, दर ५ पासून ४० टक्क्यांपर्यंत, विवरणपत्र मे महिन्यात. भारत आणि तैवान यांच्यात २०११ पासून दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो कर टाळून देत नाही. दोनदा भरू नये एवढंच बघतो, आणि ते बघण्यासाठीही कागद तुम्हालाच नाचवावे लागतात.

मग ती प्रसिद्ध करसवलत? तीस लाख तैवानी डॉलरच्या वरच्या पगाराचा निम्मा भाग पाच वर्षं करातून वगळला जातो, हे खरं. पण कार्डासाठी लागणारा १,६०,००० चा पगार बाराने गुणला तर होतात १९,२०,०००. म्हणजे पट्टीला जेमतेम डोकं लागलेल्या अर्जदाराला या सवलतीचा एक पैसाही मिळत नाही. सल्लागारांच्या जाहिरातीत मात्र दोन्ही गोष्टी एकाच ओळीत असतात.

इकडची बाजूही सोपी नाही. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. तीस सप्टेंबरला विमान पकडलंत तर त्या आर्थिक वर्षात भारतात तुमचे १८३ दिवस भरलेले असतात. १८२ ची रेषा ओलांडली, म्हणजे त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही भारताचे रहिवासी आणि तैपेईतल्या सहा महिन्यांचा पगारही इथे दाखवायचा. दोनचार दिवस आधी निघालात तर चित्र बदलतं. त्यातही ही १८२ ची सवलत परदेशात नोकरीसाठी गेलेल्याला आहे. जो आपल्याच पुण्याच्या कंपनीच्या नोकरीत राहून गेला, तो ‘परदेशी नोकरीसाठी गेला’ का, असा प्रश्न कर अधिकाऱ्याने विचारला तर सीएला घाम फुटतो. पगार भारतातल्या खात्यात जमा होत असेल तर वादाला आणखी एक फाटा. दुबईवाल्यांनी २०२० ची दुरुस्ती वाचावी: भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांवर आणि दुसरीकडे कुठेच कर-रहिवासी म्हणून कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाला आपला कायदा इथलाच रहिवासी मानतो.

कंपनीचं काय? तुमचा मॅनेजर ‘चालेल रे’ म्हणतो, पण कंपनीचा कायदा विभाग म्हणत नाही. एखादा वरिष्ठ माणूस परदेशात बसून कंपनीच्या वतीने करार करू लागला तर कंपनीचंच तिथे कार्यालय आहे असं धरून तिच्यावर कर लागण्याचा धोका असतो. क्लायंटचा डेटा कुठल्या देशातून उघडता येईल हे करारात लिहिलेलं असतं आणि त्यात तैवान बहुधा नसतं. तिथला कामगार विमा आणि निवृत्तिवेतन स्थानिक मालकाशी जोडलेलं, तो तुम्हाला नाही. ‘टॅलेंट’ म्हणून गौरवलेला माणूस अशा वेळी दोन देशांच्या मधल्या पट्टीत एकटा उभा असतो आणि त्याच्या पाठीशी ना इथली युनियन, ना तिथली.

उरला तो दुसऱ्या टोकाचा आरोप: ही माणसं पळपुटी आहेत, देशाने शिकवलं आणि हे निघून गेले. यावर फार शब्द खर्च करायची माझी तयारी नाही. पुण्याच्या कंपनीचं काम तैपेईतून करणारा माणूस पुण्याचंच काम करतो. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही. आणि ज्या राज्याला तळेगावचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेल्याचं २०२२ मध्ये एवढं दुःख झालं, त्या राज्याने त्या धंद्यातली माणसं तयार करण्यासाठी काय केलं हा प्रश्न आधी विचारावा. (तो फॉक्सकॉनचा प्रकल्प पुढे गुजरातेतही झाला नाही, २०२३ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. पण आपली भाषणं तोवर होऊन गेली होती.)

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं. ऑक्टोबर २०२४ पासून तैवानचं कार्यालय मुंबईतही आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. फक्त तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, त्यात देशाचं नाव आणि मुदत लिहून घ्या, निघण्याची तारीख सीएला विचारून ठरवा आणि दोन्ही देशांच्या कराचा हिशोब कागदावर मांडा. आणि ज्ञातिसंस्थांना, गृहनिर्माण सोसायट्यांना, स्थानिक पुरवण्यांच्या संपादकांना एक विनंती: कुणाला असं कार्ड मिळालं तर अभिनंदन करा, पेढे खा, पण ‘परदेशात मराठी गुणवत्तेचा गौरव’ असा मथळा देऊ नका. आपल्या शाळेतल्या, आपल्या प्रयोगशाळेतल्या, आपल्या सरकारी दवाखान्यातल्या ज्या माणसाचा पगार त्या पट्टीला कधीच लागणार नाही, तोही तो मथळा वाचत असतो.